पाडा कोणत्या झूमला दिसावा?

डहाणू-तलासरीत गावाचे नाव सांगून घर सापडत नाही, पाडा सांगावा लागतो. महसुली गाव एक, ग्रामपंचायत एक, पण वस्ती मात्र उतारावर, ओहोळाच्या अलीकडे-पलीकडे, शेतांना धरून पाड्यापाड्यांत पांगलेली. त्यातून पाटीलपाडा, डोंगरीपाडा ही नावे गावोगाव. आशाताईला गरोदर बाईच्या घरी पोचायचे असते ते पाड्यावर, आणि रुग्णवाहिका अडते तीही पाड्याच्या फाट्यावरच. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. अशा वेळी पंचनाम्याची यादी गावाच्या नावाने निघते आणि तडकलेली भिंत पाड्यावर असते. त्यात दरीत उतरले की मोबाइलची रेंज जाते, आणि सीमेजवळ फोन कधी गुजरातचा तर कधी दादरा-नगर हवेलीचा मनोरा पकडतो.

म्हणून इथे ज्यांना रोज फिरावे लागते त्यांच्या फोनमध्ये नेटशिवाय चालणारा नकाशा हवा, हे वेगळे पटवून द्यायला नको. प्रश्न आहे तो असा नकाशा बनतो कसा, आणि बनताना त्यातून काय गळते. बिंदू, रेषा आणि बहुभुज यांच्या रूपात साठवलेल्या भौगोलिक माहितीचे, म्हणजे व्हेक्टर डेटाचे, टाइल्समध्ये रूपांतर करण्याचे तंत्र गेल्या पंधरा वर्षांत फार पुढे गेले. साधने फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. माझ्या मते तंत्राचा प्रश्न जवळपास सुटला आहे. निवडीचा आणि नावांचा प्रश्न सुटलेला नाही, आणि डहाणू-तलासरीसारख्या भागात हेच दोन प्रश्न निर्णायक आहेत.

आधी टाइल म्हणजे काय ते पाहू. वेब नकाशात सगळे जग एका चौकोनात बसवतात, ती शून्य पातळी. प्रत्येक पुढच्या झूमला चौकोनाचे चार तुकडे होतात. चौदाव्या झूमला विषुववृत्तावर एका टाइलची बाजू सुमारे २.४५ किलोमीटर असते. मर्केटर प्रक्षेपामुळे उत्तरेकडे ती प्रत्यक्षात कमी अंतर व्यापते, म्हणून डहाणूच्या अक्षांशावर ती २.३ किलोमीटर भरते. टाइलचा पत्ता तीन आकड्यांचा असतो: झूम, स्तंभ, ओळ. आठव्या झूमला डहाणू शहर आणि तलासरी दोन्ही एकाच टाइलमध्ये येतात, स्तंभ १७९, ओळ ११३. हा पत्ता लक्षात ठेवावा, पुढे कामाला येईल.

रास्टर टाइल म्हणजे तयार चित्र. रंग, रेषेची जाडी, नावे, सगळे आधीच छापलेले. व्हेक्टर टाइलमध्ये चित्र नसते. त्या चौकोनातल्या रेषांचे कोपरे आणि त्यांच्यासोबतची माहिती असते, आणि चित्र फोन स्वतः काढतो. मॅपबॉक्स कंपनीने मांडलेला व्हेक्टर टाइलचा साचा २०१६ मध्ये दुसऱ्या आवृत्तीला पोचला आणि आज तोच सर्वमान्य आहे. त्यात टाइलच्या बाजूचे ४०९६ भाग पाडतात आणि प्रत्येक कोपरा या जाळीवरच्या पूर्णांकात लिहितात, तोही आधीच्या कोपऱ्यापासून किती सरकला एवढाच. त्यामुळे फाइल लहान होते. या हिशेबाने चौदाव्या झूमला डहाणूत जाळीचे घर सुमारे ५६ सेंटीमीटरचे पडते, दहाव्या झूमला ९ मीटरचे. शेताचा बांध दाखवायला पहिले पुरेसे आहे. दुसऱ्यात घरांचे आकार विरघळतात.

फरक किती पडतो याचा हिशेब सोपा आहे. दोन्ही तालुके सामावतील असा चौकोन घ्या: पूर्व रेखांश ७२.६० ते ७३.१५, उत्तर अक्षांश १९.८० ते २०.२५. चौदाव्या झूमला त्यात सुमारे साडेपाचशे टाइल्स बसतात. रास्टर नकाशा अठराव्या झूमपर्यंत हवा असेल तर त्या एका पातळीवरच सुमारे १ लाख ४० हजार चित्रे लागतात. एक चित्र १५ किलोबाइटचे धरले तरी दोन जीबी झाले. व्हेक्टर टाइल्स चौदाव्या झूमला थांबवल्या तरी फोन त्याच माहितीवरून अठराव्या झूमचे चित्र रेखीव काढतो. स्वस्त फोनमध्ये जागा आधीच भरलेली असते, तिथे हा फरक निर्णायक ठरतो. तयार चित्रे इंटरनेटवरून ओढून ठेवण्याचा मोह होतो, पण ओपनस्ट्रीटमॅपच्या सार्वजनिक सर्व्हरवरून टाइल्स घाऊक उतरवायला त्यांच्या नियमांनी मनाई आहे. माहिती मात्र खुली आहे. ती घ्यावी आणि टाइल्स आपण बनवाव्यात.

बनवलेल्या टाइल्स हजारो सुट्या फाइल्स म्हणून फोनवर टाकणे हा ताप आहे, म्हणून त्या एका डब्यात भरतात. सगळ्यात रुळलेला डबा म्हणजे एमबीटाइल्स. हा मुळात एसक्यूलाइटचा साधा डेटाबेस आहे: एका तक्त्यात झूम, स्तंभ, ओळ आणि टाइल. तो कोणत्याही डेटाबेस-दर्शकात उघडता येतो, हा त्याचा मोठा गुण. पण त्यात ओळी दक्षिणेकडून मोजतात, तर आज प्रचलित असलेल्या पद्धतीत उत्तरेकडून. म्हणून आपली आठव्या झूमची टाइल या तक्त्यात १७९ आणि १४२ या आकड्यांखाली सापडते, कारण २५५ वजा ११३ म्हणजे १४२. ही उलटापालट ध्यानात न घेणाऱ्या प्रोग्रामने फाइल उघडली तर डहाणू हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या दक्षिणेला रॉड्रिग्ज बेटाच्याही पूर्वेकडे जाऊन बसते. नकाशा कोरा दिसतो आणि लोकांना वाटते फाइल बिघडली. नकाशा कोरा दिसला की पहिल्यांदा हीच गोष्ट तपासावी.

दुसरा डबा पीएमटाइल्स, ब्रँडन लिऊ यांच्या प्रोटोमॅप्स प्रकल्पाचा. त्याची सध्याची तिसरी आवृत्ती २०२२ ची. यात डेटाबेस नाही. सगळ्या टाइल्स हिल्बर्ट वक्राच्या क्रमाने एकापाठोपाठ ठेवतात, म्हणजे जमिनीवर शेजारी असलेल्या टाइल्स फाइलमध्येही बहुधा शेजारी येतात, आणि सुरुवातीच्या १६ किलोबाइटमध्ये मुख्य अनुक्रमणिका बसते. त्यामुळे ही एकच फाइल साध्या वेब सर्व्हरवर ठेवून नेटवरून तिचा लागेल तेवढाच तुकडा वाचता येतो, आणि तीच फोनवर उतरवली की नेटशिवायही चालते. आपल्या चौकोनाची पश्चिम कड समुद्राची आहे. तिथल्या टाइल्स एकसारख्या असतात आणि दोन्ही डब्यांत त्या एकदाच साठवण्याची सोय आहे. ऑसमँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही लोकप्रिय अ‍ॅप्स स्वतःचे वेगळे साचे वापरतात. प्रवाशाला ती उत्तम आहेत, पण आपल्या तालुक्याचे आपले थर त्यांत घालणे जास्त खटपटीचे. सर्वेक्षण करणाऱ्यांनी ओडीके कलेक्ट किंवा क्यूफील्ड वापरावे, दोन्हींत एमबीटाइल्सची फाइल पार्श्वनकाशा म्हणून टाकता येते.

साधनांविषयी थोडक्यात. ओपनस्ट्रीटमॅपचा कच्चा माल जर्मनीतली जिओफाब्रिक ही संस्था प्रदेशवार तुकडे करून देते, भारताचा पश्चिम विभाग त्यात स्वतंत्र आहे. त्यावरून थेट टाइल्स बनवायला रिचर्ड फेअरहर्स्ट यांचा टाइलमेकर आणि मायकेल बॅरी यांचा प्लॅनेटायलर आहे. प्लॅनेटायलर मोठ्या यंत्रावर सगळ्या जगाच्या टाइल्स काही तासांत बनवतो, दोन तालुके त्याच्यापुढे काहीच नाहीत. आपल्याकडे जिओजेसन असेल, किंवा शेपफाइल वा जिओपॅकेजचे आधी जिओजेसन करून घेतले असेल, तर टिपेकॅनो. मॅपबॉक्समध्ये असताना एरिका फिशर यांनी २०१४ मध्ये तो सुरू केला, आता त्याची देखभाल फेल्ट कंपनीच्या शाखेत होते. आज्ञावलीची भीती वाटणाऱ्यांना क्यूजीआयएसच्या ३.१४ पासूनच्या आवृत्त्यांत व्हेक्टर टाइल्स लिहिण्याची सोय आहे. या सगळ्यांत मी टिपेकॅनो सुचवेन, कारण काय ठेवायचे आणि काय गाळायचे यावर तो सर्वांत बारीक ताबा देतो. पण हा ताबा आपण हातात घेतला तरच. न घेतल्यास तो आपल्या मनाने गाळतो, आणि इथूनच खरा विषय सुरू होतो.

टिपेकॅनो मुळात लाखो-कोट्यवधी बिंदूंसाठी लिहिलेला आहे. एका टाइलचा आकार ५०० किलोबाइटच्या आत राहावा आणि तिच्यात दोन लाखांपेक्षा जास्त घटक नसावेत, अशी त्याची मूळ मर्यादा आहे. आणि बिंदूंच्या बाबतीत तो मुळातच असे धरतो की मूळ पातळीपासून एकेक झूम मागे जाताना अडीचपैकी एकच बिंदू ठेवायचा. मूळ पातळी चौदा असेल तर बाराव्या झूमला सव्वासहापैकी एक उरतो, दहाव्या झूमला सुमारे एकोणचाळीसपैकी एक. कोणता उरावा हे ठरवताना तो बिंदू जमिनीवर सारखे पसरलेले राहतील एवढेच पाहतो. तिथे शाळा आहे का, किती घरे आहेत, वाट आहे का, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. न्यूयॉर्कमधल्या टॅक्सीफेऱ्यांचा नकाशा करताना हे योग्यच आहे, दहातल्या नऊ ठिपक्यांवाचून तिथे कुणाचे अडत नाही. गंजाड किंवा सायवन परिसराच्या पाड्यांच्या यादीला हाच नियम लावला तर दहाव्या झूमला एखादाच पाडा उरतो, आणि तो का उरला याचे उत्तर कुणाकडे नसते.

यात विशेष म्हणजे गाळण्याची गरजच नसते. नाव आणि दोन-चार तपशिलांसह एका पाड्याची नोंद शंभरेक बाइट धरा. एका टाइलमध्ये हजार पाडे आले तरी शंभर किलोबाइट होतात. दहाव्या झूमला आपला पूर्ण चौकोन मोजक्या पाच-सहा टाइल्समध्ये येतो, आणि दोन्ही तालुक्यांचे सगळे पाडे त्यांत घातले तरी मर्यादेच्या खूप आत राहतात. देशाच्या मापाने बनवलेला नियम तालुक्याला लावल्यामुळे हे नुकसान होते. गळतीचा दर एकवर आणला की ते थांबते, त्यासाठी आज्ञेत एक पर्याय पुरतो. त्याशिवाय जिओजेसनमधल्या प्रत्येक घटकावर, तो कोणत्या झूमपासून दिसावा, हे स्वतंत्र लिहिता येते.

मग पडद्यावर नावांची गर्दी होणार नाही का, असे कुणी विचारेल. होईल, पण ती दुसऱ्या टप्प्याची बाब आहे. टाइलमध्ये माहिती असणे आणि पडद्यावर नाव उमटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नावे एकमेकांवर आली तर कोणाला आधी जागा द्यायची हे फोनवरची शैली-फाइल ठरवते, आणि ती कधीही बदलता येते. टाइलमधून गळालेला पाडा मात्र परत आणता येत नाही, शोधपेटीत टाइप करूनही सापडत नाही. म्हणून टाइल बनवताना सढळ राहावे आणि गर्दी शैलीत आवरावी.

आता क्रम कसा लावायचा. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये वस्त्यांची उतरंड आहे: शहर, गाव, वाडी, एकाकी घर. तयार साच्यांत, उदाहरणार्थ ओपनमॅपटाइल्समध्ये, मोठी वस्ती आधी आणि लहान वस्ती अगदी जवळ गेल्यावर, असा क्रम असतो. युरोपच्या खेड्यांना तो शोभतो. इथे मी उलटा निकष सुचवेन: डांबरी रस्त्यापासून जो पाडा जास्त लांब, तो आधी दिसावा. चारोटी नाक्याजवळची किंवा डहाणू-जव्हार रस्त्याला लागून असलेली वस्ती विचारत विचारत सापडते. ओहोळ ओलांडून पायवाटेने गाठावा लागणारा पाडा नकाशावर नसेल तर नवा माणूस तिथे पोचतच नाही. रस्त्यापासूनचे अंतर क्यूजीआयएस काही सेकंदांत मोजून देतो. ते एका स्तंभात घालावे आणि त्यावरून किमान झूम ठरवावा. पायवाटांचेही तसेच. तयार साच्यात त्या शेवटी येतात, इथे त्या बाराव्या झूमपासून हव्यात, आणि पावसाळ्यात बंद होणारी वाट वेगळ्या रेषेने दिसायला हवी. सूर्या नदीच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर हा तपशील नसलेला नकाशा माणसाला चुकीच्या काठावर आणून सोडतो.

नावाच्या शेजारी गावाचे नाव हवे. नुसते पाटीलपाडा असे लिहून काही कळत नाही. पाड्याच्या बिंदूला गावाच्या हद्दीशी जोडून ‘पाटीलपाडा, धुंदलवाडी’ असे पूर्ण नाव टाइल बनवण्याआधीच तयार करावे. फोनवर ही जोडणी होत नाही, कारण हद्दीचा बहुभुज टाइल्सच्या कडांवर कापलेला असतो.

पण हे पाडे येणार कुठून? हा या आढाव्यातला सगळ्यात अवघड भाग. ओपनस्ट्रीटमॅपवर मुंबई-अहमदाबाद महामार्ग, पश्चिम रेल्वे, बोर्डी-घोलवडचा किनारा हे सगळे आहे, आत जावे तशी माहिती तुटक होते. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने २०२२ मध्ये ग्रामसडक योजनेचा भौगोलिक डेटा जिओसडक नावाने खुला केला. देशभरातल्या दहा लाखांहून अधिक वस्त्यांचे बिंदू आणि ग्रामीण रस्ते त्यात आहेत. पाड्यांसाठी सुरुवात करायला मला हा स्रोत सगळ्यात उपयोगी वाटतो. मात्र योजनेच्या निकषात अनुसूचित क्षेत्रात वस्तीची किमान लोकसंख्या २५० होती, त्यामुळे त्याहून लहान पाडे तिथे असतीलच असे धरून चालू नये. उपग्रहचित्रांवरून यंत्राने ओळखलेल्या इमारतींचा गूगलचा खुला संच दक्षिण आशियासाठी उपलब्ध आहे. त्यातल्या जवळजवळच्या घरांचे पुंजके काढले की नाव नसलेले पाडे उघडे पडतात. झाडीखाली दडलेली कुडाची घरे सुटू शकतात, आणि पुंजक्याला नाव तर कुठलेच यंत्र देत नाही. ते तिथल्या माणसाकडूनच येते. अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांच्या वह्यांत ही नावे रोजच्या वापरात असतात.

१५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांना आणि नागरिकांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे बनवण्याची मोकळीक दिली, ही मोठी अडचण दूर झाली. भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी पत्रके एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेली आहेत आणि फोनचा जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर चालतो. ही बदली न करता पत्रकावरची वाट टिपली तर ती ओहोळाच्या दुसऱ्या बाजूला जाऊ शकते. गाव नकाशे त्याहून अवघड. ते मुळात साखळीने मोजून काढलेले, त्यांना अक्षांश-रेखांशात बसवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि घाईत बसवलेला गट नंबर वाद निर्माण करतो.

मजकुराची आणखी एक कटकट. शेपफाइलमध्ये स्तंभाचे नाव दहा बाइटचे आणि मजकूर २५४ बाइटचा. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे स्तंभाच्या नावात जेमतेम तीन चिन्हे मावतात. सोबतची सीपीजी फाइल हरवली की सगळी मराठी नावे प्रश्नचिन्हे होतात. सरकारी तक्त्यांतली बरीच जुनी नावे श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटांत टाइप केलेली असतात, ती टाइलमध्ये गेली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून काम जिओपॅकेजमध्ये करावे आणि नावे रूपांतराआधीच युनिकोडमध्ये आणावीत.

आता नावे पडद्यावर उमटण्याचा प्रश्न. मराठी वाचकाला हा सगळ्यात जवळचा, आणि इंग्रजी माहितीपत्रकांत याचा उल्लेख जवळजवळ नसतो. डिसेंबर २०२० मध्ये मॅपबॉक्सने आपल्या नकाशा-प्रणालीचा परवाना बदलला, तेव्हा खुल्या आवृत्तीतून मॅपलिब्रे उभी राहिली आणि आज फुकट व्हेक्टर नकाशांचा मोठा भाग तिच्यावर चालतो. तिची अक्षरे २५६ चिन्हांच्या गठ्ठ्यांत येतात. देवनागरीचा गठ्ठा २३०४ ते २५५९ या क्रमांकाचा. यात एका युनिकोड चिन्हाला एक आकार असतो. जोडाक्षरांना आणि अर्ध्या अक्षरांना युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक नाहीत, म्हणून ती या गठ्ठ्यात नाहीतच. इंजिन चिन्हे ओळीने मांडते आणि मोकळे होते. परिणाम तालुक्याच्या नावांवर पाहा. ‘तलासरी’ बरोबर उमटते, कारण त्यात जोडाक्षर नाही आणि पहिली वेलांटी नाही. ‘बोर्डी’तला रफार ‘ड’वर चढत नाही, ‘र’चा पाय मोडून तो मध्येच उभा राहतो. ‘महालक्ष्मी’चे तुकडे पडतात. ‘विवळवेढे’ तर सुरुवातीलाच फसते: वेलांटी पहिल्या ‘व’च्या आधी यायची ती त्याच्या नंतर लोंबते. महालक्ष्मीच्या यात्रेला आलेल्या माणसाच्या हातात असा नकाशा द्यायला मला तरी लाज वाटेल.

इलाज आहेत. प्रोटोमॅप्सच्या नकाशासाठी ऑलिव्हर विप्फली यांनी एक मार्ग काढला: नावे टाइल बनतानाच नीट जुळवायची, त्या जुळलेल्या आकारांना खास संकेत द्यायचे आणि ते संकेत टाइलमध्ये भरायचे. फोनवरचे इंजिन काही न समजता योग्य आकार मांडते. नोटो सान्सच्या देवनागरीसाठी हे काम झालेले आहे. यात मूळ युनिकोड नाव वेगळ्या स्तंभात राखणे आवश्यक, नाहीतर शोध चालत नाही. दुसरा इलाज जुन्या वळणाचा आहे आणि दोन तालुक्यांपुरता मला तो अजूनही पटतो: क्यूजीआयएसमध्ये मराठी नावांसकट नकाशा सजवायचा, क्यूजीआयएस देवनागरी नीट जुळवतो, आणि रास्टर टाइल्स सोळाव्या झूमपर्यंतच काढायच्या. आपल्या चौकोनात सोळाव्या झूमला सुमारे पावणेनऊ हजार चित्रे होतात, म्हणजे आधीच्या हिशेबाने १३० एमबीच्या आसपास. नावे अचूक, फाइल आवाक्यात. मोठ्या प्रदेशाला हे परवडणार नाही, तालुक्याला परवडते.

सीमेचेही पाहायला हवे. तलासरीच्या उत्तरेला गुजरातचा उंबरगाव तालुका, पलीकडे दादरा-नगर हवेली. नकाशा करणारे बहुधा जिल्ह्याच्या हद्दीवर डेटा कापतात, मग पलीकडे पांढरे रिकामे रान दिसते. लोकांचे व्यवहार तसे कापलेले नाहीत. उधव्याच्या बाजूचा रुग्ण सिल्वासाच्या सरकारी रुग्णालयात जातो, कामगार वापी-उंबरगावच्या कारखान्यांत. डहाणूबद्दल २० जून १९९१ च्या पर्यावरण अधिसूचनेने तालुका नाजूक परिसर म्हणून जाहीर करताना भोवती २५ किलोमीटरचा पट्टाही आखला होता. ऑफलाइन नकाशालाही तेवढा पट्टा द्यावा. वजन थोडे वाढते, पण सिल्वासा आणि वापी नकाशात येतात.

आणखी एक सावधगिरी मी आग्रहाने सांगेन. रास्टर चित्रात जे छापले तेवढेच जाते. व्हेक्टर टाइलमध्ये टेबलाचे सगळे स्तंभ जातात, पडद्यावर दिसोत वा न दिसोत. वनहक्काच्या प्लॉटांचा थर करताना दावेदाराचे नाव, आरोग्य सर्वेक्षणात घराबरोबर आजाराची नोंद, हे टाइलमध्ये राहिले तर फाइल ज्याच्या हातात जाईल त्याला ते वाचता येते, आणि अशा फाइल्स व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. कोणते स्तंभ जाऊ द्यायचे याची यादी टिपेकॅनोला देता येते. ती नेहमी द्यावी.

शेवटी ताजेपणा. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग या तालुक्यांतून जातो. वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, त्यात १,४४८ हेक्टर समुद्र भरून जमीन करायची आहे, म्हणजे किनाऱ्याची रेषाही तीच राहणार नाही. फोनमध्ये टाकलेला नकाशा त्या दिवशी थिजतो. म्हणून प्रत्येक फाइलच्या माहिती-तक्त्यात आणि नकाशाच्या कोपऱ्यात तारीख असलीच पाहिजे. पाड्यांची यादी कोणी जपायची यालाही इथे कायद्याचा आधार आहे. डहाणू आणि तलासरी पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होता येते, त्याची वेगळी ग्रामसभा भरू शकते. आपल्या वाटा, पाणवठे आणि शेजारच्या पाड्यांची नावे त्या सभेपेक्षा चांगली कुणाला ठाऊक असणार? ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. प्रत्येकीनंतर बदलांची एक पानभर यादी पंचायत समितीत आली, तर दोन्ही तालुक्यांच्या टाइल्स नव्याने बनवायला साध्या लॅपटॉपला काही मिनिटे लागतात.